ताम्हिणीतून दिवेआगर, आणि मध्येच जड झालेलं स्टिअरिंग

पाऊस ओसरल्यावर पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वर करून आलो. रस्ता नेहमीचाच, चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, तिथून म्हसळा आणि बोर्लीवरून दिवेआगर, सगळं मिळून साधारण दीडशे-एकशे साठ किलोमीटर. पेट्रोल पिरंगुट-पौडलाच भरून घ्या, घाटात मोबाईलची रेंजही येते-जाते. समुद्राबद्दल खाली लिहितो, पण आधी गाडीचं सांगतो, कारण जुनी गाडी घेऊन कोकणात उतरणाऱ्यांना ते जास्त कामाचं आहे.

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगवाली, म्हणजे स्टिअरिंग फिरवायला विजेची मोटर मदत करते. पुण्यात पार्किंगमध्ये थोडं जड लागायचं, तेव्हा एका वर्कशॉपने न उघडताच "पूर्ण रॅक बदलावा लागेल" (रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा खालचा दांडा) असं सांगून मोठा आकडा हातात ठेवला होता. मुळशी ओलांडून वळणं सुरू झाली तसं जाणवलं की नुसतं जड नाहीये, वळण संपल्यावर हात सैल सोडला तरी स्टिअरिंग तिथंच राहतंय, हाताने ओढून सरळ करावं लागतंय. आणि फिरवताना एका ठिकाणी घट्ट, थोडं पुढे गेलं की हलकं, परत घट्ट.

हे नीट लक्षात घ्या. पुढच्या चाकांची बसवणच अशी असते की चालत्या गाडीत वळण झालं की स्टिअरिंग आपणहून मधे येतं. जड आहे पण परत येतंय, तर आधी टायरची हवा बघायची, मग पॉवरचा प्रॉब्लेम. परतच येत नाहीये तर बहुधा मधे कुठेतरी काहीतरी धरलंय (घट्ट अडकलंय), मग मोटर कितीही चांगली असो. तेवढ्या एका गोष्टीवरून निम्मी शोधाशोध वाचते.

घाटात रुंद जागा बघून कडेला घेतली, पार्किंग लाइट लावले, चाकाला दगड लावला. हवा मापली, बरोबर होती. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा नव्हता. इंजिन बंद करून फिरवून बघितलं तर दगड, चालू केल्यावर बराच फरक, म्हणजे मोटर मदत करत होती. बॅटरी मेलेली असेल किंवा फ्यूज गेला असेल तर हा फरक पडत नाही आणि बहुतेक गाड्यांत दिवाही लागतो. मग हळूहळू, वळणावर दोन्ही हात घट्ट ठेवून माणगाव गाठलं. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे अजून दिसतात, कृपया नका करू, पॉवर स्टिअरिंगची मदत जाते आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकचीही.

माणगावात हायवेपासून आत एक छोटं गॅरेज मिळालं. मेकॅनिकने पुढची दोन्ही चाकं उचलून खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावली आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवलं. चाकं हवेत असूनही घट्ट, म्हणजे टायर-हवेचा विषय मिटला. मग स्टिअरिंग सरळ करून सीटबेल्टने बांधून टाकलं (एअरबॅगची वायर आत गुंडाळलेली असते, जॉइंट सुटल्यावर स्टिअरिंग गरागरा फिरलं तर ती तुटते), जॉइंटवर रंगाची खूण केली आणि पेडलच्या खालचा बोल्ट काढून मधला शाफ्ट, म्हणजे स्टिअरिंगचा कॉलम (वरचा दांडा) आणि रॅक यांना जोडणारा दांडा, वेगळा केला. आता टायर धरून वळवले तर रॅक मस्त फिरतोय, वरचा कॉलमही मोकळा. आणि शाफ्टचा खालचा क्रॉस जॉइंट (सगळ्या बाजूंना वाकणारा सांधा) एका बाजूला वाकतोय, दुसऱ्या बाजूला हलायला तयार नाही.

"हा बघा दादा, धरलाय. पाणी आणि चिखल खाऊन गंजलाय, रॅकला काही नाही झालेलं."

पार्ट माणगावात मिळणार नव्हता. त्याने गंज काढायचं तेल मारून व्हाइसमध्ये धरून हलवत हलवत मोकळा केला, ग्रीस भरलं, खुणेला खूण जुळवून बसवला, बोल्ट नीट कसला आणि मग हलवून दाखवलं की जॉइंट ढिला नाहीये. ढिला असता तर गाडी तिथंच ठेवून एसटीने गेलो असतो, या जॉइंटशी खेळ नको. बाहेर पडलो तर पहिल्याच वळणावर स्टिअरिंग आपलं आपण सरळ.

हायड्रॉलिक (मोटरऐवजी पंप आणि ऑइलच्या दाबावर चालणारं) पॉवर स्टिअरिंगवाली गाडी असेल तर याआधी ऑइलची टाकी बघा, पातळी खाली गेली असेल तर गळती शोधा, आणि ऑइल झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच टाका. वळवताना बेल्ट किंचाळत असेल तर तो ढिला, झिजलेला किंवा ओला. पंप घोंघावत असेल तर ऑइल कमी किंवा त्यात हवा. आणि पूर्ण वळवून तसंच दाबून धरू नका, पंप गरम होतो.

बाकी ट्रिप छान. दिवेआगरला घरगुती खानावळीत जेवण आणि मोदक आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी गेलात तर मिळेलच असं नाही. सुवर्ण गणेशाचा मुखवटा 2012 ला चोरीला गेला होता, 2021 पासून परत दर्शनाला आहे, गर्दी टाळायची तर सकाळी लवकर. दिवेआगर ते श्रीवर्धन आतल्या रस्त्याने जाऊ नका, आरावी-शेखाडीचा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता घ्या, कितीही वेळा थांबलात तरी कमीच. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट खडकातून आहे, भरती असेल किंवा लाटा उसळत असतील तर अजिबात उतरायचं नाही. परतताना रविवारी संध्याकाळी माणगावची कोंडी भयंकर असते, सकाळीच निघा.

पुण्यात आल्यावर तो शाफ्ट नवीन बसवून घेतला, रॅकचा जो आकडा सांगितला होता त्याच्या अगदी थोड्या भागात काम झालं. तुम्हाला कुणी डायरेक्ट रॅक बदला म्हणालं तर आधी जॉइंट सोडवून समोर फिरवून दाखवायला सांगा, आणि जुना पार्ट मागून घ्या.