टेन बरं की इलेव्हन

दसरा होऊन गेलेला, दिवाळी तोंडावर, आणि घरातली साफसफाई अशा टप्प्याला आलेली की माळ्यावरचं सगळं खाली उतरलंय पण परत वर काय जाणार हे ठरवायला कुणीच तयार नाही. माझ्या वाट्याला कॉम्प्युटरचं टेबल आलं. कीबोर्ड उलटा करून थापटला तर त्यातनं वाळका कढीपत्ता, शेवेचे तुकडे आणि स्टेपलरची पिन पडली, म्हणजे मागच्या दिवाळीचा फराळ अजून शिल्लक होता म्हणायचा. सगळं पुसून, वायरी परत खोचून बटण दाबलं, तर स्क्रीनभर सूचना, की १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज टेनला अपडेट मिळणार नाहीत, इलेव्हनवर या, नाहीतर नवीन पीसी बघा. मी सवयीनं 'नंतर आठवण करा' दाबलं आणि फडकं धुवायला गेलो.

या बटणावर माझा फार जीव आहे. ही सोय कॉम्प्युटरच्या बाहेर पण पाहिजे होती असं मला कायम वाटतं. दाताचा डॉक्टर, गल्लीतली वर्गणी, "कधी येणार मग आमच्याकडं?" विचारणारे पाव्हणे, सगळ्यांना एकच बटण. समोरचा नाराज होत नाही, आपण नाही पण म्हटलेलं नसतं.

पण यावेळी तारीख खरंच जवळ आलेली, म्हणून म्हटलं जरा बघू तरी. आमचा पीसी २०१७ सालचा, बेळगावच्या खडेबाजारातल्या ओळखीच्या पोराकडनं असेंबल करून घेतलेला, प्रोसेसर सहाव्या जनरेशनचा आय थ्री. मधे एकदा फारच रडायला लागला तेव्हा त्यात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी नावाची वेगवान डिस्क घातली आणि तो परत तरुण झाला, इतका की अप्पा म्हणाले, आधीच का घातली नाही. इलेव्हनला रॅम चार जीबी पुरते, जागा चौसष्ट जीबी, ते दोन्ही आहे. टीपीएम नावाची एक भानगड लागते, चावी-कुलपाचं काम करणारी, तीपण बायोसमधे, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगमधे, झोपलेली होती, भाच्यानं जाऊन उठवली. अडलं ते प्रोसेसरवर. आठव्या जनरेशनपासून पुढचेच चालतात, सातवीतले मोजके. आमचा सहावीत. नापास नाही, वर्गच चुकला.

मग सल्ले सुरू झाले. पुण्यातला मावसभाऊ म्हणाला, नवीन घेऊन टाक. पुण्यातले नातेवाईक प्रत्येक गोष्टीला 'घेऊन टाक' म्हणतात, त्यांचं काय जातंय. उद्यमबागेत मित्राचं वर्कशॉप आहे, त्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. "अरे आमच्या मशीनच्या शेजारी जो पीसी हाय त्यात अजून विंडोज एक्सपी हाय. नेटची वायरच नाही त्याला. प्रोग्रॅम सोडायचा, जॉब काढायचा. काय होतंय त्याला?" खरं आहे, काही होत नाही, पण त्या पीसीवर त्याची आई पत्ते खेळत नाही आणि वडील बँकेचं बघत नाहीत. भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्याच्याकडं दोन उपाय. एक म्हणजे पेन ड्राइव्हवरनं ती प्रोसेसरची अट चुकवून इलेव्हन घुसवायचं, होतं म्हणे, पण पुढं अपडेट मिळतील याची हमी कुणी देत नाही. दुसरा म्हणजे लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली दुसरी सिस्टीम. आणि अप्पा एकच वाक्य बोलत होते, सकाळपासनं, "चाललंय की ते. मग कशाला हात लावायलास?"

आता अप्पांची एक गोष्ट सांगायला पाहिजे. कॉम्प्युटरवरच्या त्यांच्या खात्यात टास्कबार, म्हणजे चिन्हांची ती पट्टी, स्क्रीनच्या वर आहे. कधीतरी माऊस ओढला गेला असणार, पट्टी खालची वर गेली, आणि ती तिथंच बरी आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. त्याला आता कैक वर्षं झाली. मी चुकून त्यांच्या खात्यात बसलो तर माझा हात खाली जातो आणि ते मागनं म्हणतात, "वर बघ." स्टार्ट डाव्या कोपऱ्यात वर, भिशीचं एक्सेल त्याच्या शेजारी, मग फोटो, मग पेपर. ते नावं वाचतच नाहीत, हात आपोआप जातो. इलेव्हनमधे ही पट्टी हलतच नव्हती, निदान २०२५ मधे तरी, खालीच राहायची, आणि स्टार्टसुद्धा मधोमध येऊन बसायचं, ते फारतर डावीकडं सरकवता यायचं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. सिक्युरिटी, हॅकर, व्हायरस यातल्या कशानं ते हलले नव्हते.

मला वाटतं सगळं तिथंच अडतं. नवीन काय येणार यापेक्षा हाताला पाठ झालेलं काय जाणार, हा खरा प्रश्न असतो. पण ते जाऊदे.

पहिला कॉम्प्युटर मी बघितला तो शहापुरातल्या एका क्लासमधे, माडीवर. बाहेर चपला काढायच्या, पाय पुसायचे, आत एसी, आणि प्रत्येक मॉनिटरला प्लॅस्टिकचं कव्हर. धुळीनं व्हायरस होतो असं आमच्यातल्या निम्म्या पोरांना मनापासनं वाटायचं आणि सर ते खोडून काढत नव्हते, कारण त्यामुळं पाय पुसले जायचे. विंडोज ९८ होतं. पहिला अर्धा तास शिकवणं, उरलेला पेंट. माऊसच्या पोटात तेव्हा रबरी गोळी असायची, खालचं झाकण फिरवून ती काढायची आणि आतल्या बारीक रुळांवर जो काळा चिकट थर बसलेला असायचा तो नखानं खरवडायचा, तो सलग पट्टी होऊन निघाला की काय समाधान वाटायचं ते आताच्या पोरांना कळणार नाही. मला विंडोजपेक्षा ते काम जास्त आवडायचं. आणि शेवटी शटडाऊन केलं की काळ्या स्क्रीनवर नारिंगी अक्षरं यायची, आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही, अशा अर्थाची. मग आपण स्वतः उठून खटका दाबायचा. तो दाबायला भांडणं व्हायची. आता मशीन स्वतःच बंद होतं, आणि पावसाळ्यात तर आपली परवानगीपण घेत नाही. जुलैत बेळगावात मोठं अपडेट लावायचं धाडस मी करत नाही. पाऊस थांबत नाही, करंट कधी जाईल सांगता येत नाही, खाली यूपीएस टूं टूं करायला लागतो आणि वर लिहून येतं, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. मी कुठं बंद करायलोय!

घरात कॉम्प्युटर आला २००४ साली, त्यात एक्सपी. स्क्रीनवर ती हिरवी टेकडी, निळं आकाश, ढग. आमच्या गल्लीत सगळ्यांची खात्री होती की हा फोटो बेळगावजवळच्या यळ्ळूरचा आहे, राजहंसगडाच्या मागच्या बाजूनं, श्रावणात काढलेला. एकजण तर ती जागा दाखवतो म्हणून आम्हाला सायकलवरनं घेऊन गेला होता. जागा तशी सापडली पण, फक्त तिथं म्हशी होत्या. पुढं कधीतरी वाचलं की तो फोटो कॅलिफोर्नियातल्या सोनोमाचा, चार्ल्स ओ'रिअर नावाच्या फोटोग्राफरनं १९९६ साली काढलेला. असेल. यळ्ळूरला जाऊन बघा एकदा ऑगस्टमधे, मग बोलू.

एक्सपीत मराठी आपोआप दिसायचं नाही, आठवतंय का कुणाला? कंट्रोल पॅनलमधे जायचं, भाषांच्या टॅबवर एक टिक करायची, की ते लगेच मूळ सीडी मागायचं. सीडी ज्यानं मशीन जोडलं त्याच्याकडं. त्याच्याकडनं ती आणायची म्हणजे तो म्हणणार संध्याकाळी ये, संध्याकाळी दुकान बंद. एवढं सगळं करून एकदा का ती टिक बसली की मराठी पण दिसायला लागायचं आणि कन्नड पण, एकाच टिकेत दोन्ही. आमच्या घरात दोन्ही लागतं. नात्यातली पत्रं, भिशी, मंडळाचा अहवाल मराठीत, आणि शेताच्या उताऱ्यापासून सगळं सरकारी कन्नडमधे. तेव्हा मराठीचा फॉन्ट मंगल, कन्नडचा तुंगा. पुढं विंडोज आठपासनं निर्मला नावाचा एकच फॉन्ट आला, त्यात देवनागरी पण आणि कन्नड पण, वाटण्या झालेल्या घरात परत एक चूल पेटावी तसं. मंगल आणि तुंगाला टेनमधे वेगळं मागवून घ्यावं लागतं. यावर मला अजून बोलता येईल पण बेळगावात हा विषय काढला की चहा थंड होतो.

अप्पांचं मराठी मात्र त्याच्याही आधीचं. टायपिंगच्या दुकानातनं आणलेल्या जुन्या फॉन्टवर त्यांनी कितीतरी वर्षं लिहिलं. तो फॉन्ट मशीनवर असेल तर सगळं सुवाच्य मराठी, नसेल तर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं, कंस, टक्केवारीची चिन्हं, सगळा गोपाळकाला. भिशीचे जुने हिशेब त्यात आहेत, आजीच्या बाराव्याच्या वेळी केलेली नात्यातल्यांची यादी त्यात आहे, कोण कुणाचा कोण हे आता सांगणारं कुणी राहिलेलं नाही, ती यादीच आहे. तो फॉन्ट इलेव्हनमधे पण चालतो, फाइल उचलून फॉन्टच्या फोल्डरमधे टाकली की झालं, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी मान हलवली आणि मग प्रत्येक पान छापून घेतलं. प्रिंटर रात्रीपर्यंत करकरत होता.

तर शेवटी काय केलं. अजून एक वर्ष मिळतं असं कळलं. आधी वाटलं भाचा गंमत करतोय, पण खरंच मिळत होतं, घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटीचे अपडेट, एकतर तीस डॉलर भरायचे, नाहीतर विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंगचं बॅकअप चालू करायचं. अप्पा म्हणाले, "माझ्याच कॉम्प्युटरात शिरायला त्यांचं खातं कशाला?" मुद्दा चुकीचा नव्हता. पण माझं खातं होतंच, ते घातलं, नाव नोंदवलं, झालं. म्हणजे 'नंतर आठवण करा' हेच, फक्त शिक्क्यासकट.

आम्हाला तसं हे जड जात नाही. मुदतवाढ, पुढची तारीख, यात सीमाभागातल्या माणसाचा हात कुणी धरणार नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, आणि महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा लावला तो २००४ साली, म्हणजे ज्या वर्षी आमच्याकडं एक्सपी आलं त्याच वर्षी. एक्सपीचे अपडेट २०१४ ला संपले. सेव्हन आलं, ते २०२० च्या जानेवारीत संपलं. मग टेन, आता तेपण गेलं. दावा आहे तिथंच आहे. मधल्या काळात, २०१४ सालीच, गावाचं नावसुद्धा सरकारी कागदावर अपग्रेड होऊन बेळगावी झालं, आणि बस स्टँडवर रिक्षावाल्याला विचारा, आम्ही सगळे अजून जुन्याच व्हर्जनवर.

भाच्याचा मात्र हिरमोड झाला. म्हणाला मामा, एसएसडी घातली तेव्हाची जुनी हार्ड डिस्क मोकळीच आहे ना, तिच्यावर मिंट टाकून ठेवतो, नुसतं बघायला, विंडोजला हात लावत नाही. टाक म्हटलं. दुपारी जेवण झाल्यावर टाकलं त्यानं, चहा व्हायच्या आत संपलं. अप्पांना मुद्दाम दाखवलं की यात पट्टी वर नेता येते, नेली पण. त्यांनी "बरं आहे" म्हटलं आणि आपल्या टेनमधे परत गेले. जाता जाता भाच्यानं मिंटमधे पत्त्यांचा डाव टाकून दिला.

आईला यातलं कुणी काही विचारलेलं नव्हतं. तिला टेनमधल्या पत्त्यांचा राग होता, मधेच जाहिराती येतात म्हणून. मिंटमधल्यात येत नाहीत. आता मशीन चालू केलं की आधी यादी येते, वर मिंट, खाली विंडोज, आणि दहा सेकंदात कुणी काही केलं नाही तर ते आपोआप मिंटमधे जातं. अप्पांना विंडोज पाहिजे असेल तर खालच्या बाणावर बोट ठेवून थांबावं लागतं. मशीन चालू करून ते चष्मा शोधायला गेले की झालं, परत येईतोवर आई तिथं बसलेली, लाल राणी काळ्या राजावर, आणि अप्पा मागं उभे राहून म्हणतायत, "झालं की हाक मार." ती म्हणते, नंतर.