पैसा नसेल तर काम कोण करील?

श्रम या विषयावर मी कुठेही बोलले की शेवटी एक प्रश्न हमखास येतो: उद्या पैसाच उरला नाही आणि अन्न, घर, औषधपाणी सर्वांना हक्काने मिळू लागले, तर लोक काम करतील का? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लोक काम करतील, याविषयी मला शंका नाही. मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची: जे काम कोणालाच नको असते, ते अशा जगात कोणाच्या गळ्यात पडेल?

लोक पैशाशिवाय काम करतात हे पाहण्यासाठी भविष्यात डोकावण्याची गरज नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये ६४ देशांतील माहितीवरून असा अंदाज मांडला की स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचे संगोपन, आजाऱ्यांची शुश्रूषा अशा बिनमोबदला कामांत तेथील माणसे दररोज १६४० कोटी तास घालवतात. त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक काम स्त्रिया करतात. 'लोक काम करतील का' असे आपण विचारतो, तेव्हा हे सारे तास आपण हिशेबातच धरलेले नसतात.

रिकाम्या वेळेने माणूस आपोआप फुलतो, असेही मी मानत नाही. १९२९-३० च्या सुमारास व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तेथे जाऊन केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचायला आता हवा तितका वेळ होता, तरीही वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत निम्म्यावर आली. अभ्यासकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालण्याचा वेगसुद्धा मोजला. पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालत होते आणि बहुतेकांनी घड्याळ बाळगणे सोडून दिले होते. स्त्रिया मात्र झपाझप चालत होत्या, कारण त्यांचे घरकाम संपलेच नव्हते. अर्थात, या माणसांवर बेकारीबरोबर दारिद्र्यही कोसळले होते, त्यामुळे सुखवस्तू बिनपैशाच्या समाजात अगदी असेच घडेल असे म्हणता येणार नाही. तरीही कामामुळे दिवसाला आकार येतो आणि तो आकार माणसाला हवा असतो, एवढे त्यावरून मला पटते.

माझे वडील शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले होते. अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. एक गुडघा दुमडायचा, खांदा आणि कंबर एकाच वेळी धरून वळवायचे, पाठीमागे उशी लावायची, टाचा गादीवर टेकणार नाहीत असे पाहायचे आणि माकडहाडापाशी त्वचा लाल झाली आहे का ते तपासायचे. हे काम आम्ही घरच्यांनीच केले, आणि त्याचे पैसे मिळावेत असे कोणाच्या मनातही आले नाही. दिवसा मदतीला कोणी ना कोणी असे. रात्री बाराची, दोनची आणि चारची वेळ मात्र आईकडे आली. तसे कधीच ठरले नव्हते. ती उठत गेली आणि ते तिचे काम झाले. माणसांच्या सद्भावनेवर सोडलेले काम होते खरे, पण ते सर्वांत आधी जो उठतो त्याच्यावर साचत जाते.

ही अडचण कल्पनेतल्या आदर्श राज्यांनाही चुकलेली नाही. इंग्रज लेखक टॉमस मोर यांनी १५१६ मध्ये रंगवलेल्या 'युटोपिया'त पैसा नाही आणि दिवसाचे काम अवघे सहा तासांचे आहे. पण पशुहत्येसारखी घाणीची आणि कष्टाची कामे तेथे गुलाम करतात. अमेरिकन लेखक एडवर्ड बेलामी यांनी १८८८ च्या आपल्या कादंबरीत मला अधिक न्याय्य वाटणारी तोड काढली. ज्या कामाला आपणहून येणारे कमी, त्याचे तास पुरेसे लोक मिळेपर्यंत कमी करत जायचे. मजुरी जे एक काम बरे करू शकते, म्हणजे कोणते काम किती जड आहे हे सांगणे, ते येथे पैशाशिवाय साधते. मात्र चार दिवसांत शिकता येणाऱ्या कामांना ही युक्ती जितकी लागू पडेल, तितकी शस्त्रक्रियेसारख्या, शिकायला कित्येक वर्षे लागणाऱ्या कामांना पडणार नाही.

प्रत्यक्षातला मोठा प्रयोग किबुत्झचा, म्हणजे आजच्या इस्रायलमधल्या सामुदायिक वसाहतींचा. १९१० मध्ये गालिली सरोवराच्या काठी देगानिया ही वसाहत उभी राहिली आणि पुढे तशा शेकडो झाल्या. सभासदांना पगार नव्हता, जेवण एकत्र होते आणि भोजनगृहातली कामे पाळीपाळीने करायची होती. लोकांनी तेथे कष्ट उपसले, आळसाने त्या वसाहती बुडाल्या नाहीत. पण पैशाची जागा शेजाऱ्यांच्या नजरेने घेतली. कोण उशिरा आला, कोणी पाळी चुकवली, हे जेवताना सर्वांना ठाऊक असे. पगार देणाऱ्या मालकाला माणूस संध्याकाळी मागे टाकून घरी येऊ शकतो. ही नजर घरापर्यंत सोबत येते, आणि ती मला कमी जाचक वाटत नाही. कालांतराने अनेक किबुत्झांनी बाहेरची माणसे मजुरीवर ठेवली. १९८० च्या दशकातील कर्जसंकटानंतर तर बहुसंख्य वसाहतींनी सभासदांनाही कामाप्रमाणे वेगवेगळे वेतन देणे स्वीकारले.

नकोशी कामे यंत्रे करतील, असे यावर सांगितले जाते. काही कामे नक्कीच करतील, आणि त्याचा मला आनंदच होईल. पण यंत्र मध्यरात्री बंद पडले तर कोणाला तरी उठावे लागेलच. म्हणून असा समाज घडवू पाहणाऱ्यांकडे मी सर्वांत आधी रात्रपाळीचा तक्ता मागेन. पाळ्या कोणी लावल्या, नको असेल तर ती नाकारता येते का, आणि लावणाऱ्यांची स्वतःची नावे त्यात कितव्या रात्री येतात, हे मला त्यात पाहायचे आहे.