गच्चीवरचे दोन स्पीकर: ५०० हर्ट्झची मोजणी

दोन स्पीकरांतून ५०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५०० कंपनांचा, एकच सूर वाजवला की काही जागी दोन्हींच्या लाटा एकमेकींना खोडतात आणि आवाज मंद होतो. ती जागा शोधायची गच्चीवरची मोजणी अखेर मनासारखी जमली. खोलीत हे होत नाही, कारण भिंतींवरून परतणारा आवाज आपलेच चढउतार तयार करतो. म्हणून लष्कर भागातली आमची गच्ची आणि पहाटेची वेळ, टेम्पोंची घरघर सुरू व्हायच्या आत.

दोन्ही स्पीकर एकाच ॲम्प्लिफायरवर, मोनोत, म्हणजे दोन्हींना तोच एक संकेत. हे फार महत्त्वाचं. दोन वेगळ्या मोबाइलवर ५०० हर्ट्झ लावले, तर त्यांच्या घड्याळांत किंचित फरक असतोच, आणि मग मंद-तीव्र जागा एका ठिकाणी टिकत नाहीत.

स्पीकरांत अंतर १.४ मीटर, ४ मीटरवर खडूची समांतर रेघ. २५ अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर, म्हणजे तरंगलांबी ६९ सेंटिमीटर. पथांतर (कानापासून दोन स्पीकरांच्या अंतरांतला फरक) तिच्या निम्मं झालं की आवाज पडायला हवा. गणिताने ती जागा मध्यापासून १.०४ मीटरवर येते. एक कान बंद करून रेघेवरून हळूहळू सरकलो, आणि तिथेच आवाज खरोखर विझत गेला. अर्धं पाऊल पुढे टाकलं की परत उठला. हे कानाने अनुभवण्यासारखं दुसरं सुख नाही!

ॲपवर मध्याशी ७०, पडलेल्या जागी ५६ डेसिबल. पूर्ण शून्य का नाही? आयाम, म्हणजे लाटांची उंची, सारखे असतील तरच लाटा एकमेकींना पुरत्या खोडतात. १४ डेसिबलचा फरक म्हणजे महत्तम आयाम लघुतमाच्या पाचपट. त्यावरून एका लाटेचा आयाम दुसरीच्या दोन-तृतीयांश निघतो. एक स्पीकर थोडा दूर पडतो, हे खरं, पण त्याने इतका फरक पडणार नाही. माझा संशय फरशीवरून परतणाऱ्या आवाजावर आहे. पुढच्या वेळी मध्ये सतरंजी अंथरणार, जाड गादी मिळाली तर आणखी बरं.

एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या, तेव्हा नेमका मध्यच मंद झाला. ज्यांच्याकडे स्टिरिओ आहे त्यांनी हे आजच करून बघा.

थंड हवेत ध्वनीचा वेग कमी, म्हणून तरंगलांबीही कमी: जानेवारीत पारा ५ अंशांवर उतरला की तीच मंद जागा सुमारे ४ सेंटिमीटर मध्याकडे सरकायला हवी. खडूची रेघ आता ऑइलपेंटने पक्की केली आहे. तोवर आत्याच्या तंबोऱ्याच्या जोडीच्या (एकाच सुरात लावायच्या दोन) तारा ध्वनिमुद्रित करतोय: अर्ध्या हर्ट्झचा फरक असला तर दर दोन सेकंदांना आवाजाच्या चढउताराचा एक हेलकावा यायला हवा.