तुम्ही विचारलंत म्हणून : लशीला लोक किती देतील?

"उद्या नवी साथ आली, लस निघाली आणि ती विकतच घ्यायची म्हटली, तर लोक किती देतील ओ?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता उत्तर लिहूनच ठेवतो. विचारणारे दोन प्रकारचे. एक, विद्यापीठातली पोरं, हातात सर्व्हेचा फॉर्म घेऊन येणारी. दुसरे आमच्या तालमीच्या कट्ट्यावरचे. त्यांना वाटतं, २०२१ साली हा बिलाच्या खिडकीत बसला होता म्हणजे याने अख्ख्या कोल्हापूरच्या खिशात डोकावून बघितलंय. मी डॉक्टर नाही, अर्थशास्त्राचा तर दुरूनही संबंध नाही. एका छोट्या खासगी दवाखान्यात पावत्या फाडतो. पण लशीचे पैसे मोजून घेतलेत ते याच हातांनी, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे.

१ मार्च २०२१ ला साठीच्या वरच्यांना आणि आजार असलेल्या पंचेचाळिशीच्या वरच्यांना कोरोनाची लस सुरू झाली. खासगीत दर २५० रुपये, त्यात १५० लशीचे आणि १०० दवाखान्याचे. सरकारी केंद्रावर तीच लस, त्याच कारखान्यातली, फुकट. तरी आमच्याकडे माणसं यायची. पहिल्याच आठवड्यात शिवाजी पेठेतले एक पेन्शनर काका आले. मी आपला प्रामाणिकपणा दाखवायला म्हटलं, "काका, सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, फुकट आहे बरं का." काकांनी चष्म्यावरून बघितलं. "ठाऊक हाय मला. लस फुकटच हाय. तुम्ही अडीचशे घेताय ते खुर्चीचे."

माझ्या मते अख्ख्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या वाक्यात आहे. आम्ही पावतीवर 'लस' लिहायचो, पण माणूस पैसे द्यायचा ते रांगेत न थांबण्याचे, गर्दीत कुणी अंगावर न खोकण्याचे, आणि आज गेलो तर आजच मिळेल या खात्रीचे.

मे महिन्यात अठराच्या वरच्या सगळ्यांना परवानगी मिळाली आणि लसच मिळेनाशी झाली. कंपन्यांकडून थेट घ्यायची म्हटल्यावर आमच्यासारख्या छोट्या दवाखान्यांना कोण विचारतंय! पोरं मोबाईलवर स्लॉट धरायला बसायची, जसं काही तत्काळ तिकीट काढतायत. २१ जूनपासून केंद्राने सगळ्यांना मोफत केली आणि खासगीचे दर बांधून दिले: कोविशील्ड ७८०, कोव्हॅक्सिन १,४१०. हे ७८० कुठून आले, हे मी खिडकीत रोज दहादा समजावलंय. ६०० लशीचे, ३० कराचे, १५० दवाखान्याचे. समजावून सांगितलं की लोकांचा राग कमी व्हायचा, खिसा मात्र तेवढाच राहायचा. चार जणांचं घर, दोन-दोन डोस, म्हणजे ६,२४० रुपये. रांगेत उभं राहिलं की शून्य.

अशा वेळी घरात जे ठरायचं ते मला काचेतून दिसायचं. एकदा उचगावहून एक जोडपं आलं होतं, सोबत बाईच्या सासूबाई. पैसे दोघांपुरतेच आणलेले. सासूबाई म्हणाल्या, "माझं काय आता, पोराला द्या. मी सरकारी गाडी येईल तवा घेतो." (आमच्याकडे बायकाही 'घेतो' म्हणतात, बाहेरच्यांनी चूक धरू नये.) आता सर्व्हेवाल्यांनी या बाईंना "तुम्ही किती द्याल" विचारलं तर त्या शून्य सांगणार. पोरासाठी विचारलं तर अंगठी काढून देतील. एका बाईचे दोन आकडे, आणि दोन्ही खरे.

मग २०२२ चा एप्रिल. १० तारखेपासून खासगीत बूस्टर सुरू झाला, आणि कंपन्यांनी दर एकदम २२५ वर आणला. कर आणि आमचे दीडशे धरून ३८६ च्या आसपास. वर्षापूर्वीच्या निम्म्या भावात. मला वाटलं, झुंबड उडणार. कसलं काय! कोविशील्डची एक कुपी म्हणजे दहा डोस, एकदा फोडली की चार तासांत संपवायची. त्यामुळे दहा माणसं जमल्याशिवाय सिस्टर कुपीला हात लावायच्या नाहीत, आणि मी वही घेऊन फोन करत बसायचो. "अण्णा, येताय का? सात झालेत, तीन पाहिजेत." लग्नाच्या पंगतीला माणसं गोळा करावी तसं. अण्णा म्हणायचे, "आता कुठं हाय कोरोना?" जुलैत सरकारने ७५ दिवस बूस्टरही मोफत केला, तेव्हा आमच्या खिडकीचा प्रश्नच मिटला.

तीच माणसं, लस तीच, भाव निम्मा, आणि गिऱ्हाईक नाही. मग बदललं काय? कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ वर धोका. तीस फुटाला कुणाला सांगून बघा, सामान वर चढवा म्हणून, हसतील. एकेचाळीसला तेच लोक ट्रॅक्टरवाला मागेल ते भाडं देतात. २०२१ च्या जुलैत आम्ही हेही बघितलं, त्याच लशीच्या गडबडीत. शिरोलीपाशी हायवे बंद, गाव बेटासारखं. आणि पाणी उतरल्यावर महिन्याभराने त्याच माणसाला ट्रॅक्टरचं भाडं विचारा, म्हणेल, "लुटलं हो त्यानं." तेव्हा किती द्याल हे विचारताना पाणी किती फुटांवर आहे ते आधी सांगा.

याच्याही पलीकडची एक गोष्ट, जी बोलताना मला अजून बरं वाटत नाही. एप्रिल २०२१ मध्ये माझे दाजी ऍडमिट होते, आणि मी रेमडेसिविरसाठी रात्रभर दुकानं पालथी घालत होतो. बहिणीने गुजरीत सराफाकडे पाटल्या गहाण ठेवल्या. भाव विचारायचं डोक्यातच आलं नाही. त्याच्या पाच महिने आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध दवाखान्यातल्या रुग्णांना देऊ नका असं सांगितलेलं होतं, पण त्या रात्री ते कुणी वाचून दाखवलं असतं तरी मी थांबलो नसतो. दाजी बरे झाले, कशाने ते देव जाणे. आणि हेच दाजी त्या मार्चमध्ये अडीचशेची लस "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून लांबवत बसले होते. आजार झाल्यावर पाटल्या, आणि होऊ नये म्हणून अडीचशे जड. हे मूर्खपणाचं आहे असं मी म्हणणार नाही. न झालेला आजार दिसत नाही, एवढंच. जे दिसत नाही त्याची पावती फाडताना हात आखडतो.

आता सर्व्हेवाल्या पोरांविषयी. त्यांच्याकडून मलाच बरंच कळलं. ही पद्धत जुनी आहे. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डेझ हे तेलाचं जहाज फुटलं, तेव्हा बाजारात न विकल्या जाणाऱ्या समुद्राची किंमत काढायला लोकांना असंच विचारलं होतं. त्यावर इतका वाद झाला की १९९३ मध्ये केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रातल्या नोबेलवाल्यांच्या समितीला नियम सांगावे लागले. त्यांचं म्हणणं, "किती द्याल?" असं मोकळं विचारू नका. एक भाव सांगा आणि हो की नाही विचारा. आणि हे पैसे दुसऱ्या कुठल्या खर्चातून जाणार आहेत, याची माणसाला आठवण करून द्या.

मला हे लगेच पटलं, कारण आमच्याकडे वडगावच्या जनावरांच्या बाजारात कुणी बैल दाखवून "किती द्याल?" असं चारचौघांत विचारलं तर तुम्ही खरं सांगाल का? भाव रुमालाखाली बोटं धरून ठरायचा तो त्यासाठीच. फॉर्म घेऊन आलेल्या मुलीसमोर माणूस चांगला दिसायला बघतो. "पाचशे देऊ की, आरोग्यापुढं पैसा काय!" म्हणतो. आणि सरकारी सर्व्हे आहे असं वाटलं तर उलट, "आम्ही कुठनं देणार, फुकट पाहिजे." दोन्हीकडे तो भाव सांगत नसतो, सौदा करत असतो.

शिवाय एक हिशेब कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही. मी लस घेतली की त्यातलं थोडं संरक्षण शेजाऱ्याला मिळतं, पण त्याचे पैसे मी कशाला देऊ? म्हणून लोक सांगतील तो आकडा लशीच्या खऱ्या मोलापेक्षा कमीच असणार. केनियात शाळेतल्या पोरांना जंताच्या गोळ्या फुकट मिळत होत्या, तिथे थोडेसे पैसे लावून बघितले तर घेणारे एकदम घसरून पाचव्या हिश्शावर आले. आणि राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत बाळांच्या लशी मुळात फुकटच होत्या, तरी सगळे डोस पूर्ण झालेली बाळं होती शेकड्यात सहा. शिबिरं ठरल्या दिवशी नेमाने भरवली तेव्हा अठरा झाली, आणि प्रत्येक खेपेला आईच्या हातात किलोभर डाळ दिली तेव्हा एकोणचाळीस. म्हणजे तिथे लशीचा भाव शून्याच्याही खाली होता. आमच्या तालमीत हे सांगितलं तर एक जण म्हणाला, "डाळीऐवजी तांबडा-पांढरा ठेवा, अख्खी पेठ येईल." चेष्टा सोडली तर चुकीचं काय बोलला?

गेल्या दिवाळीनंतर एक मुलगी आली होती, एम.ए.ची. तिचा फॉर्म बघितला: उत्पन्न, शिक्षण, वय, आणि मग "नव्या महामारीच्या लशीसाठी आपण जास्तीत जास्त किती रक्कम द्याल?" मी म्हटलं, बाळ, एक प्रश्न वाढव. लस कुठल्या वारी आणि किती वाजता मिळणार आहे, ते विचार. तिने तोंडावर हो म्हटलं, मनातून काही पटलेलं दिसलं नाही. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणाऱ्या एकाने पहिल्यांदा शंभर रुपये सांगितले होते. तिने वार विचारला. तो म्हणाला, "रविवारी असंल तर तीनशे लिवा. बाकीच्या दिवशी खाडा पडतोय नव्हं."