ठाणे ते चितवन: खोकी कमी न्या, पाइप जोडणारा न्या

आमच्या ठाण्याच्या ख्रिस्ती मंडळीतून यंदा फेब्रुवारीत अकरा जण नेपाळच्या चितवन जिल्ह्यातल्या एका गावात पाण्याच्या नळाच्या कामी सेवेसाठी गेलो. जाण्याआधीच्या रविवारी उपासना संपल्यावर एका आजींनी दारातच अडवलं. ''आपल्या येऊरच्या आदिवासी पाड्यांवर सगळ्यांना पाणी आहे का रे? मग एवढ्या लांब कशाला?'' पाळकसाहेब हसले. मला हसता आलं नाही.

पुढे जाणाऱ्यांसाठी म्हणून लिहितोय, तेव्हा आधी चुका सांगतो. महिनाभर जुने कपडे, दप्तरं, वह्या गोळा करून आम्ही चौदा खोकी बांधली. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून गोरखपूर, रेल्वेत दीड दिवस. तिथून सोनौलीपर्यंत बसने तीन तास. सीमेवर भन्सारवाल्यांनी, म्हणजे तिकडच्या कस्टमवाल्यांनी, खोकी उघडायला लावली. आमच्याकडे ना यादी, ना पावत्या, ना तिथल्या कुठल्या संस्थेचं पत्र. अर्धा दिवस उन्हात गेला, शेवटी सहा खोकी सोनौलीच्या एका दुकानदाराकडे ठेवून पुढे निघालो. भन्सारवाल्यांचा काहीच दोष नव्हता. वह्या चितवनमधल्या नारायणगढच्या बाजारात ढिगाने मिळतात, आणि तिथे घेतल्या तर पैसाही तिथेच राहतो, हे आम्हाला नंतर सुचलं.

कागदपत्रांचं सोपं आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवंच. विमानाने जाणाऱ्या मोठ्या माणसांनी आधारच्या भरवशावर राहू नये. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी, हा दर ठरलेला आहे. आम्ही शंभराच्या नोटाच नेल्या, कुठे अडलं नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. आमच्यातल्या एकाने केलं नाही आणि सकाळची बस त्याच्यासाठी थांबवावी लागली.

बुटवल ते नारायणगढ रस्त्याचं काम वर्षानुवर्षं चाललंय. दाउन्नेच्या घाटात एवढी धूळ की तोंडाला रुमाल बांधूनही दात करकरत होते. पावसाळ्यात मात्र या बाजूला जाऊच नका. 2024 च्या जुलैमध्ये नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत गेल्या होत्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नेपाळमध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करणं आणि तसा प्रयत्न करणं दोन्ही गुन्हा आहे. ऑगस्ट 2018 पासून लागू असलेल्या तिथल्या फौजदारी कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. आपण परत येतो, तिथल्या पाळकांना मात्र तिथेच राहायचं असतं. म्हणून पत्रकं नाहीत, रस्त्यात मुलांना गोळा करून गाणी नाहीत, मदतीच्या बदल्यात उपासनेचं आमंत्रण नाही. लोकांचे चेहरे दाखवणारे फोटो स्टेटसला नाहीत. गावाचं नाव मीही याच कारणाने लिहीत नाही. अनाथाश्रमात 'दोन दिवस मुलांसोबत' असा बेत कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. आईबाप हयात असलेली मुलं तिथे आणून ठेवल्याचे प्रकार नेपाळात खूप झाले आहेत, ते पाहुण्यांच्या पैशावरच चालतात.

गाव चितवनच्या उत्तरेकडच्या डोंगरातलं, चेपाङ आदिवासींचं. जमीन उतरती आणि तुटपुंजी. मका संपला की गिठ्ठा-भ्याकुर ही रानकंदं उकडून खायची. आपल्याकडचे कातकरी कंद खणतात तसंच. चिउरीच्या बियांपासून ते तूप काढतात आणि लेकीच्या लग्नात चिउरीचं झाड आंदण देतात. झाड माहेरच्या रानातच उभं, मालकी मुलीची. आम्हाला ढिंडो वाढला, मक्याच्या पिठाचा. नाचणीची उकड खाल्लेल्याला काही अडचण येत नाही.

शनिवारी उपासना. तिथे आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. पत्र्याचं छप्पर, चपला बाहेर, जमिनीवर बसायचं, साथीला मादल नावाचा ढोल. आम्ही 'सलाम' म्हणायचो, ते हात जोडून 'जय मसीह'. गीतांचं पुस्तक देवनागरीतच, त्यामुळे अर्थ अर्धवट कळत असूनही आम्ही पहिल्या ओळीपासून गात होतो. 25 एप्रिल 2015 चा भूकंप शनिवारीच, दुपारी बाराच्या सुमारास झाला. ठिकठिकाणी लोक उपासनेला बसले होते आणि काही चर्च त्यांच्यावरच कोसळली. तिथल्या पाळकांनी हे सांगितलं तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांच्या नजरा छपराकडे गेल्या.

काम पाण्याच्या नळाचं होतं. वरच्या झऱ्यापासून गावातल्या टाकीपर्यंत काळा पाइप आधीच टाकलेला होता, पण पाणी मधूनच थांबायचं. दोन दिवस आम्ही पाइपची वेटोळी वाहिली, चर खणले, फोड आणले. अडचण सापडली ती आमच्यातल्या कळव्याच्या प्लंबिंगवाल्या भावाला. पाइप एका उंचवट्यावरून जात होता. तिथे हवा कोंडून राहायची आणि वरून येणाऱ्या पाण्याचा जोर तिला ढकलायला पुरत नव्हता. उंचवट्यावर हवा सोडायचा व्हॉल्व्ह बसवला. गावातल्या दोन पोरांकडून त्याने तो चारदा खोलून जोडून घेतला. बाकी आम्ही दहा जण शेजारी उभे राहून बघत होतो.

घरी आल्यावर हिशेब केला. जमलेल्या पैशांतले दोन तृतीयांश प्रवासात आणि राहण्यात गेले होते. कागद आजींना नेऊन दाखवला. चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत वाचला.

''व्हॉल्व्ह केवढ्याला?''

सांगितलं.

''मग पुढच्या वेळी दोघं जा.''

चौघं जाणार आहोत. कळव्याच्या भावाचं तिकीट आधी काढलंय.