खातंय की ओ डॉक्टर, मग पचत का नाही?

डब्यातला उंदीर डोक्याकडून विरघळला होता. कवटी, मान, पुढचे पाय यांचा राखाडी लगदा झालेला. कमरेपासून मागे मात्र केस शाबूत, पोट फुगून हिरवट पडलेलं, शेपूट जशीच्या तशी. बॉल पायथनने, म्हणजे घरात पाळतात त्या छोट्या आफ्रिकी अजगराने, तो गिळल्यानंतर चौथ्या दिवशी बाहेर टाकला होता. जुळे सोलापुरातला कॉलेजचा मुलगा आणि त्याचे वडील, साप आणि उलटी दोन्ही घेऊन आले, हे फार चांगलं केलं. बहुतेक लोक उलटी फेकून देतात आणि निम्मं निदान तिथेच जातं.

साप भक्ष्य डोक्याकडून गिळतो, म्हणून डोकं जठरात सर्वात आत पोचतं आणि आधी तेच विरतं. आम्ल बाहेरून आत खात जातं. त्याच वेळी उंदराच्या स्वतःच्या आतड्यातले जंतू त्याला आतून कुजवत असतात. सापाला पुरेशी ऊब असेल तर आम्ल पुढे राहतं. नसेल तर उंदीर कुजतो, वायूने फुगतो आणि साप तो टाकून देतो. समोरचं फुगलेलं पोट हेच सांगत होतं.

साप भरला ४२० ग्रॅम. उंदीर देण्याआधी मुलाने वजन करून लिहून ठेवला होता, ११० ग्रॅम. म्हणजे अंगाच्या २६ टक्के. पण जाडीच्या हिशेबाने त्याचं काहीच चुकलं नव्हतं. सापाच्या सर्वात जाड भागाला दोरा गुंडाळला, घेर १२ सेंटिमीटर आला, ३.१४ ने भागलं की जाडी साधारण पावणेचार. उंदीरही तेवढाच. ‘भक्ष्य सापाच्या जाडीइतकं, फार तर सव्वापट’ हा नियम सगळे सांगतात, आणि पोराने तो प्रामाणिकपणे पाळला होता. म्हणून ही केस डोक्यातून जात नाही.

जाडीचं माप फक्त घशातून काय जाईल ते सांगतं. सापाच्या खालच्या जबड्याच्या दोन बाजू पुढे हाडाने जोडलेल्या नसतात, ताणल्या जाणाऱ्या बंधाने जोडलेल्या असतात. जबडा ‘निखळतो’ असं रील्समध्ये दाखवतात ते खोटं आहे. गिळणं त्याला सोपंच जातं. खरा भार जठरावर येतो आणि तो वजनाने मोजायचा. वाढत्या बॉल पायथनला अंगाच्या १० ते १५ टक्के पुरतं. याला ४२ ते ६३ ग्रॅम. किलोच्या वर गेलेल्या मोठ्याला ५ ते ७ टक्के, तेही दोन-तीन आठवड्यांनी. विकणारे ‘साप आहे, काहीही गिळतो’ म्हणून जनावर हातात देतात, वजनकाट्याचं नावही काढत नाहीत. विदेशी जनावराची नोंदणी करावी लागते हेसुद्धा सांगत नाहीत; वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर बॉल पायथनही त्यात येतो.

मग पेटीचा फोटो मागितला. थर्मामीटर वरच्या काचेला, साप बसतो त्या जागेपासून वीतभर उंच. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेचा थंडीचा आठवडा, खोली पत्र्याची, आणि आग लागेल या भीतीने वडील रात्री हीट मॅटचं, म्हणजे पेटीला ऊब देणाऱ्या विजेच्या चटईचं, बटण बंद करत होते. त्यांची भीती अवाजवी नव्हती. ठरलेल्या तापमानाला वीज आपोआप तोडणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावणं धोक्याचंच, तिने साप भाजलेलेही आहेत. पण उबदार कोपरा ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५ ते २७ आणि रात्रीसुद्धा २४ च्या खाली नाही, एवढं या जनावराला लागतंच.

म्हणजे दोष कशाचा? त्या थंडीत ५० ग्रॅमचा उंदीर पचला असता का? मला वाटतं, शक्यता बरीच जास्त होती. लहान भक्ष्याच्या गाभ्यापर्यंत आम्ल लवकर पोचतं, कुजायला तेवढी सवड मिळत नाही. पण खात्रीने म्हणवत नाही.

त्यातून ही दुसरी उलटी होती. पहिलीनंतर आठवड्याभरातच तेवढाच उंदीर पुन्हा दिला, कारण सापाने झडप घातली. “खातंय की ओ डॉक्टर, मग पचत का नाही?” असं वडील परत परत विचारत होते. उलटीबरोबर पाणी आणि आम्ल जातं, घसा-जठराचं अस्तर सोलवटतं. भूक मात्र तशीच राहते.

तोंड पाहिलं, श्वास ऐकला, विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली घातली, कारण जंतांनी आणि विषाणूंनीही उलट्या होतात. जंत दिसले नाहीत. अशा वेळी अंदाजाने जंतनाशक देणारे आमच्या व्यवसायात आहेत. पाणी कमी झालेल्या सापाला ते देणं मला मान्य नाही.

लिहून दिलं ते असं: मॅटला थर्मोस्टॅट, त्याचा सेन्सर साप बसतो तिथे. १४ दिवस अन्न बंद, पाणी कायम. मग २० ग्रॅमचा मेलेला पांढरा उंदीर, गोदामात पकडलेला नाही; त्याच्या पोटात विष असू शकतं. गोठवलेला असेल तर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग पिशवीत घालून गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह नको. देण्याआधी त्याचं पोट बोटांनी दाबून बघायचं. आत खडा लागला तर गाभा अजून गोठलेला आहे, तो आतून कुजणार. दिल्यावर ४८ तास सापाला हात नाही. पुढचं खाणं १०–१२ दिवसांनी ३० ग्रॅम, मग ४०.

पहिले दोन पचले. विष्ठेत केसांचा गोळा आणि पांढरा खडूसारखा भाग नीट आला. साप आता ४०५ वर आहे. ४५० होईपर्यंत ४५ ग्रॅमच्या वर जायचं नाही, असं वडिलांसमोर ठरलंय.