गवताला मान देणारी बाग

टोकियोला येणारे पाहुणे "एखादी बाग दाखव" म्हणाले की मी आधी त्यांचा अंदाज घेते. साकुराखाली फोटो काढायचे असतील तर शिंजुकु ग्योएन बरी. सरदारी थाटाची, टेकड्या आणि तळी रचून केलेली बाग हवी असेल तर रिकुगिएन. मुकोजिमा ह्याक्काएनला मात्र मी निवडक माणसांनाच नेते. तिथून बाहेर पडताना "यात बघण्यासारखं काय होतं?" असं विचारणारे लोक मी ऐकलेत. जेमतेम पावणेतीन एकर जागा, मध्ये एक तळं, आणि चुकीच्या दिवशी गेलात तर कमरेएवढं गवत.

आम्ही राहतो निशी-कसाईला, म्हणजे टोकियोतल्या भारतीयांच्या गोतावळ्यात. तोझाई लाइनने निहोनबाशी, गिन्झा लाइनने आसाकुसा, आणि तिथून तोबूच्या लोकलने हिगाशी-मुकोजिमा. स्टेशनपासून आठेक मिनिटं चालायचं. वाटेत कसलाही थाट नाही. लहान घरं, दारात कुंड्या, भिंतीला टेकवलेल्या सायकली. तिकीट १५० येन. आतल्या फाटकाच्या दोन खांबांवर लाकडी पाट्या आहेत. ओकुबो शिबुत्सु या कवीने लिहिलेल्या दोन ओळी त्यांवर आहेत : बारा महिने इथे फुलांना खंड नाही, आणि चारही दिशांनी पाहुणे चढाओढीने येतात. जाहिरातच म्हणायची, पण कवीने केलेली.

या बागेचं सगळं गुपित तिथेच आहे. ती कुणा सरदाराने बांधली नाही. सेंदाईहून एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, आलेल्या साहारा किकु-उ नावाच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने १८०४ मध्ये धंदा आवरल्यावर ही जागा घेतली. त्याच्या दुकानात कवी-चित्रकारांची कायम ऊठबस असे. ओता नानपो, कामेदा बोसाई, तानी बुन्चो, साकाई होइत्सु ही त्या काळातली मोठी नावं, आणि सगळी त्याची मित्रमंडळी. मित्रांनी उमेची म्हणजे जपानी प्लमची झाडं दिली, ३६० झाडं लागली. पुढे चिनी आणि जपानी जुन्या काव्यांमध्ये जी जी झाडं-फुलं येतात, ती शोधून आणून लावायला सुरुवात झाली. वाचणाऱ्यांनी वाचणाऱ्यांसाठी लावलेली बाग. बागेचं नाव होइत्सुने सुचवलं असं सांगतात. किकु-उ मात्र मुळात व्यापारीच. बागेत चहा मिळायचा, इथल्याच झाडांच्या फळांचं उमेबोशी म्हणजे खारवलेली उमे मिळायची, आणि सुमिदाकाठच्या मातीची भांडीही तो भाजून विकायचा. मला हा माणूस फार आवडतो.

उमे फुलते फेब्रुवारीत. बोचरा वारा, पानं नसलेल्या काळ्या फांद्या आणि त्यांवर थेट चिकटलेली फुलं. वास साकुराला नसतोच म्हटलं तरी चालेल, उमेला असतो, आणि थंडीत तो जमिनीलगत रेंगाळतो. पूर्वी या बागेला 'नवी उमेयाशिकी' म्हणजे उमेची नवी बाग म्हणत, कारण जवळच्या कामेइदोला आधीच एक प्रसिद्ध उमेयाशिकी होती. हिरोशिगे या चित्रकाराने १८५७ मध्ये तिचं चित्र केलं आणि त्यावरून तीस वर्षांनी व्हॅन गॉगने स्वतःचं. ती जगप्रसिद्ध बाग १९१०च्या महापुरानंतर उरली नाही. ही उरली, तीही कशीबशी. त्याच पुरात इथलंही बरंच वाहून गेलं. मग ओगुरा घराण्याने बाग हातात घेतली आणि १९३८ मध्ये ती टोकियो शहराला देऊन टाकली. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात सगळं जळालं. १९४९ मध्ये बाग पुन्हा उघडली, १९७८ मध्ये तिला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला.

जळालं नाही ते दगड. बागेत कविता कोरलेल्या शिळा जागोजाग उभ्या आहेत, एकूण २९. बाशो या हायकूकाराची चंद्र आणि उमेवरची हायकू त्यांत आहे. बाशो १६९४ मध्येच वारला, म्हणजे बागेच्या शंभरेक वर्षं आधी. झाडाशेजारी त्या झाडाची कविता असावी एवढ्यासाठी त्याला इथे आणलं आहे. अक्षरं झिजलीत, जपानी माणसांनाही ती धड वाचता येत नाहीत. एकदा एका आजोबांनी बोट हवेत फिरवत मला अर्धी ओळ लावून दाखवली आणि पुढे हसून सोडून दिली.

एप्रिल-मे मी पटकन उरकते. फुजी म्हणजे विस्टेरियाचे घोस लोंबतात, जूनमध्ये आयरिस आणि अजिसाई म्हणजे हायड्रेंजिया येतात, छान असतात, पण ती टोकियोत कुठेही दिसतात.

खरा हंगाम सप्टेंबरचा. दोन वर्षांपूर्वी आई साताऱ्याहून आली होती, तेव्हा मी मुद्दाम हागीसाठी तिला नेलं. हागी हे झुडूप. नाजूक, गुलाबी-जांभळी, वाटाण्याच्या कुळातली फुलं आणि मेथीसारखी त्रिदळं पानं. आठव्या शतकातल्या 'मान्योश्यू' या काव्यसंग्रहात सर्वांत जास्त वेळा आलेली वनस्पती हीच, १४०च्या आसपास कवितांमध्ये. साकुरा त्यामानाने पार मागे. इथे बांबूच्या कमानींवर हागी चढवून तीसेक मीटरचा बोगदा केला आहे. दर हिवाळ्यात ती बुंध्यापर्यंत छाटतात, वसंतात नवे धुमारे येतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी माळी ते एकेक करून बांबूंना बांधत जातात. म्हणजे आपण ज्याखालून चालतो ते छत त्याच वर्षी वाढलेलं असतं.

आई बोगद्यातून चालली, मान वर करून बघितलं, पाकळ्यांचा सडा पायाखाली बघितला आणि म्हणाली, "छान आहे गं. पण बाकी सगळीकडे गवत का वाढू दिलंय?"

"आई, ते लावलंय."

"गवत लावतात?"

लावतात. जपानी काव्यात शरदाची सात झाडं ठरलेली आहेत, मान्योश्यूतल्या यामानोउए नो ओकुराच्या ओळींपासून. हागी, सुसुकी, कुझु, नादेशिको, ओमिनाएशी, फुजिबाकामा, किक्यो. सुसुकी म्हणजे चंदेरी तुऱ्यांचं उंच गवतच. कुझु हा दांडगा वेल, अमेरिकेत त्याने जंगलं गिळली, इथे त्याला मांडव दिला आहे. ओमिनाएशी पिवळी, दिसायला गोड, पण घरात फुलदाणीत ठेवली तर काही दिवसांत वास मारते. फुजिबाकामाचं उलट, उभ्या झाडाला विशेष वास नाही, पानं सुकायला लागली की सुगंध सुटतो. आता ती रानात दुर्मीळ झाली आहे. किक्योच्या कळ्या हवा भरल्यासारख्या फुगलेल्या असतात. आईने एक कळी दाबून बघायला बोट पुढे केलं, मी थांबवलं. मग तिनेच झाडांशेजारच्या पाट्या मोजायला घेतल्या. सातही सापडेपर्यंत ती हलली नाही. कासच्या पठाराला दर वर्षी जाणारी बाई, तिला रानफुलं शोधायची सवय आहे. तळ्याकाठी आलो तेव्हा सुसुकीच्या तुऱ्यांमागे ६३४ मीटरचा स्कायट्री मनोरा उभा होता. अनेकांना तो त्या देखाव्यात खुपतो. मला नाही. एदोतल्या हौशी लोकांनी तोही कवितेत घेतला असता.

ऑगस्टअखेरीस संध्याकाळी इथे किडे ऐकायला बोलावतात. सुझुमुशी या रातकिड्याची बारीक घंटा वाजल्यासारखी किणकिण ऐकायला माणसं तिकीट काढून येतात, वाटेवर चित्रं काढलेले कागदी दिवे लावलेले असतात. शरद पौर्णिमेच्या सुमारास बाग पुन्हा रात्री उघडी असते, चंद्राला डांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे आणि भाज्यांचा नैवेद्य मांडतात. जपानी शरद पौर्णिमा बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपदात येते, कोजागिरीच्या महिनाभर आधी. २०२५ साली दोन्ही ६ ऑक्टोबरला एकत्र आल्या, तेव्हा आमच्या घरी डांगोबरोबर मसाला दूध झालं.

जानेवारीत फुलं कमीच असतात. तेव्हा यायचं ते फुकुरोकुजूसाठी. हा लांबुडक्या डोक्याचा दीर्घायुष्याचा देव किकु-उच्या संग्रहात होता. मित्रांनी ठरवलं, सात भाग्यदेवतांपैकी एक इथे आहे, बाकीच्याही आसपासच असतील. शोधाशोध केली आणि सुमिदाकाठची यात्रा तयार झाली. जुरोजिन काही केल्या मिळेना. तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा, आणि जवळच शिराहिगे म्हणजे 'पांढरी दाढी' नावाचं देऊळ, मग तिथेच त्याची सोय लावली! आजही नवीन वर्षाच्या पहिल्या सात दिवसांत लोक ही यात्रा करतात, प्रत्येक ठिकाणी देवाची छोटी मूर्ती घेऊन नावेत बसवतात. आपल्याला यात तीन देव ओळखीचे भेटतात : बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, बिशामोनतेन म्हणजे कुबेर, आणि दाइकोकुतेनचं मूळ महाकालात. त्याच दिवसांत बागेत वसंताच्या सात भाज्यांची टोपली मांडलेली असते. ७ जानेवारीला त्या भाज्यांची पेज खातात.

जाणार असाल तर साडेचारच्या आत पोचा, त्यानंतर आत सोडत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरात डास भयंकर असतात, अंगभर कपडे घाला. आणि हागी बघायची तर सप्टेंबरचा उत्तरार्ध गाठा.